मोठा सिलिंडर आणि सुपाचा वारा

गाडीच्या टाकीवर कंपनीचं नाव होतं, पण आमच्या घरी येईस्तवर ते घासून गेलं होतं, म्हणून तिला आमच्याकडं कुणी नावानं ओळखलं नाय. फटफटी म्हणायचे, बस. धरणाच्या कामावर साहेब लोकांना डोंगरात फिरायला ज्या गाड्या आणल्या होत्या त्यांतली ती एक. काम आटोपलं तसा तिथला जुना माल विकायला निघाला. माझा थोरला भाऊ, ज्याला मी दादा म्हणायचो, तो त्याच कामावर गवंड्याच्या हाताखाली होता. तो ती ढकलत ढकलत शेणव्याच्या रस्त्यानं घरी घेऊन आला. पुढचा मडगार्ड नव्हता, दिवा नव्हता, भोंगा तर नव्हताच. टायर मात्र गोट्यागोट्यांचे, चिखलात बोटं रोवून चढणारे. इंजिन टू-स्ट्रोक, एकाच सिलिंडरचं. पेट्रोलातच ऑइल मिसळायचं, किक मारायची, निळा धूर निघायचा आणि आवाज असा निघायचा की ओढ्यापलीकडच्या पाड्यात पण कळायचं, काशाची गाडी चालू झाली. काशा म्हणजे मी. काशिनाथ हे नाव शाळेत लागलं होतं, पण शाळेत मी जास्त दिवस गेलो नाय, त्यामुळं ते नाव फारसं वापरात आलं नाय.

आमचं घर शेणवा आणि डोळखांबच्या मधल्या अंगाला, वस्तीच्या शेवटाला. कुडाच्या भिंती, वर कौलं, पुढं पडवी. पडवीत एका कोपऱ्यात फाटी, एका कोपऱ्यात गाडी. आमची एक तांबडी कोंबडी होती, तिला डालग्यात अंडं घालायला आवडायचं नाय, ती गाडीच्या सीटवर जाऊन बसायची. सकाळी मला कामाला निघायचं असायचं आणि ही उठायची नाय. आई चुलीपुढून ओरडायची, "थांब रे जरा, तिचं होऊं दे." मग मी गाडीला टेकून कोरा चहा पीत उभा. चुलीवर तांदळाची भाकरी फुगायची, बाजूला निखाऱ्यावर सुका बोंबील, आणि त्या वासात गाडीच्या जळलेल्या ऑइलचा वास मिसळलेला. लोकांना घर आठवलं की फुलांचा, मातीचा वास आठवतो म्हणतात. मला विचाराल तर माझ्या घराचा वास बोंबील आणि टू-स्ट्रोक ऑइल. आजपण कुठल्या गॅरेजवरनं गेलो की मला भूक लागते. सून हसते, हसूं दे.

आमच्या जमिनीच्या तुकड्यात चार महिने पुरंल एवढं भात व्हायचं. बाकीचं दुसऱ्याच्या खळ्यावर. झोडणी झाली की भातातलं तूस, पेंढ्याचा चुरा, पळींज म्हणजे पोकळ दाणे, हे उडवायला वारा लागतो. वारा असला तर काम सोपं, उंचावरून भात सोडलं की हलकं ते उडून जातं. पण कार्तिकात आमच्याकडं कधी कधी वारा असा पडतो की झाडाचं पान हलत नाय. अशा वेळी दोन बायांनी समोरासमोर उभं राहून सुपानं वारा घालायचा आणि तिसरीनं मधे भात सोडायचं, ही जुनी पद्धत. माझी आई वारा घालणारी होती. अशी तशी नाय, साऱ्या भागात तिच्यासारखा हात नव्हता. दुसऱ्या बाया दमायच्या, बदलायच्या, आई एकटी उभी. तिच्या सुपाचा वारा धाप लागल्यासारखा तुटक यायचा नाय, सलग यायचा. म्हणून बाळू पाटलाच्या खळ्यावरून वारा पडला की माणूस यायचा, काशाच्या आयला बोलवलंय. पाटलाची जमीन सगळ्यात जास्त, ओढ्यापासून ते पार रस्त्यापर्यंत. आई जायची. संध्याकाळी सूपभर भात पदरात घेऊन यायची आणि हात खांद्याच्या वर जायचा नाय. बाबा खोबरेल कोमट करून तिचा खांदा चोळायचे. चोळताना बोलायचे नायत. आमचे बाबा मुळात कमी बोलणारे, पण ते न बोलणं वेगळं असायचं. घरात बाबासाहेबांची तसबीर होती, तिच्याकडं पाठ करून बसायचे तेव्हा.

तर फटफटी आली आणि मी आणि दादानं मिळून पंखा केला. डांबराच्या रिकाम्या डब्यांचा पत्रा कापून पाती, सागाची चौकट, आणि गाडीच्या मागच्या चाकाचा टायर उतरवून रिमवर गिरणीचा जुना पट्टा. गाडी स्टँडवर उभी करायची, गियर टाकायचा, चाक फिरलं की पट्टा फिरला, पट्टा फिरला की पंखा. पहिल्या दिवशी आमच्याच भातावर लावला. तूस असं उडालं की बाबांच्या डोक्यावरची टोपी पण गेली. बाबा टोपी आणायला गेले नायत. तिथंच उभे राहून पंख्याकडं बघत राहिले. रात्री जेवताना त्यांनी आईला सांगितलं, "आजपासनं दुसऱ्याच्या खळ्यावर तू सूप धरायचा नाय." आई म्हणाली बरं. आणि पुढच्या हंगामात बाळू पाटील स्वतः आमच्या ओटीवर आला. पायताण बाहेर काढून आला, बसला, चहा प्यायला आणि बाबांना म्हणाला, वारा पडलाय, तुमचा पंखा मिळंल का. बाबांनी लगेच हो म्हटलं नाय. बघतो म्हणाले. पोराला विचारतो म्हणाले. मला कधी त्यांनी कुठलीच गोष्ट विचारली नव्हती, पण पाटील बसलाय तोवर त्यांनी मला हाक मारून विचारलं. त्यांच्या तोंडावर तेव्हा जे होतं ते मी नंतर कधी बघितलं नाय, माझ्या लग्नात पण नाय.

मी त्या वेळी मुरबाडला इस्माईल चाचाच्या गॅरेजात कामाला. रोज किन्हवलीवरून जायचो आणि यायचो. मागचा टायर चढवायचा, जायचं, हंगामात आलं की परत उतरवायचा. मुरबाडच्या अलीकडं एक मुरमाचा माळ आहे. भातं निघाली की रविवारी तिथं आसपासची पोरं गाड्या घेऊन जमायची. खालच्या ओहोळातून गाडी सोडायची आणि पाय न टेकता माथ्यावर न्यायची. मधे धोंडे, मुरूम सुटा, आणि शेवटचा टप्पा इतका उभा की अर्धे तिथून उलटे खाली यायचे. जो वर पोचंल त्याचं नाव पुढच्या रविवारपर्यंत. मी दोन हंगाम गेलो. शेवटच्या टप्प्यावर माझी गाडी दम टाकायची. सापगावचा एक पोरगा होता, बापाचा ट्रक होता त्याच्या, तो मला बघितलं की म्हणायचा, "गिरनी आली रे. काशा, दळन आनलंस का?" कारण पट्टा लावून लावून माझ्या मागच्या रिमला चकाकी आली होती आणि गाडीच्या फटींत कायम तूस असायचं. सगळे हसायचे. मी पण हसायचो. पण घरी येईस्तवर दातावर दात.

त्यातच इंजिन बसलं. म्हणजे बंद नाय पडलं, पण किक मारली की पायाला जोर लागेना, धूर वाढला, चढावर माणूस ढकलायला लागायचा. चाचानं सिलिंडर उघडून आत बोट फिरवलं आणि मला पण फिरवायला लावलं. भिंतीला उभे ओरखडे. चाचा म्हणाला दोन रस्ते आहेत. एक, हाच सिलिंडर आतून घासून थोडा रुंद करायचा आणि मोठ्या मापाचा पिस्टन घालायचा. गाडी होती तशी होईल, थोडी बरी होईल. दुसरा रस्ता मागं भंगारात पडलेला होता. एका मोठ्या गाडीचा अख्खा सिलिंडर, तोंड एवढं की त्यात माझी मूठ फिरली. तो बसवायचा तर खालच्या केसचं, म्हणजे इंजिनाच्या बिडाच्या पेटीचं, तोंड खरवडून मोठं करायला लागणार, बोल्टांची भोकं नवी पाडायला लागणार. आणि केस एकदा खरवडली की जुना सिलिंडर परत तिथं बसणार नाय. शेताचा बांध फोडला की पाणी परत मागं जात नाय, तसं.

"आप का विचार काय?" मी चाचाला विचारलं. मी त्याच्याशी असंच बोलायचो, अर्धं अर्धं.

चाचा तपकीर ओढत म्हणाला, "छोटावाला दिवसभर चालंल आणि कुनी बघनार नाय. बडावाला थोडा टाइम चालंल, पण सब बघत राहतील. और एक बात. बडावाला तापनार. गाडी पळत असंल तर हवा लागते, ठंडा राहतो. उभा करून चालवशील तर पिस्टन आत चिकटनार. तेरा पंखा का काम उससे नाय व्हनार. मी सांगितलं. आता मला विचारू नको, गाडी तेरी है."

पंधरा दिवस तरी मी त्यावर झोपलो, उठलो, जेवलो. दादा म्हणाला बारका घाल, घरात चाललंय ते चालूं दे. दादाचं बरोबर होतं, दादाचं नेहमीच बरोबर असायचं, म्हणून तर त्याच्याशी माझं पटायचं नाय. बाबांना मी तूस उडवत होतो तेव्हा सांगितलं, दोन सिलिंडर आहेत म्हणून. त्यांनी एवढंच ऐकलं की मोठा घातला तर पंखा चालंल का नाय ते नक्की नाय. ते म्हणाले, काय घालायचं ते घाल, पण खळ्यावर एकदा जरी अडला तर मी इंजिन गाडीतनं काढून ओंडक्यावर ठोकीन आणि तू मुरबाडला पायी जा. ते धमकी देत नव्हते, ते नुसतं सांगत होते. त्यांना ती गाडी कधी गाडी वाटलीच नाय. तो त्यांचा पंखा होता आणि मी त्याला चाकं लावून उगाच हिंडवत होतो.

आई अंबाडी निवडत होती. तिला मी विचारलं नव्हतं, तिनंच विचारलं, तुला कुठला पायजे. मी म्हटलं मोठा. ती म्हणाली, "मंग मोठा घाल. बारका घालशील न् रोज तोंड पाडून बसशील. भाकरी कुनाच्या तोंडाकडं बघून करू मी?"

हल्ली माझा नातू मोबाइलवर दाखवतो. आता म्हणे मोठ्या बोअरचा, म्हणजे मोठ्या भोकाच्या सिलिंडरचा, सगळा संच खोक्यात घालून घरी येतो, पिस्टन, रिंगा, सिलिंडर, गॅसकेट, वर कागद, कुठला बोल्ट किती आवळायचा. पोरं त्यावर भांडतात, हा बरा का तो बरा. मी त्यांचं भांडण ऐकतो आणि मला बरं वाटतं. भांडण तेच आहे. गाडी कशासाठी पायजे ते आधी ठरव, मग भोक किती मोठं ते ठरतं. पण गाडी कशासाठी पायजे हे ज्याचं त्याला माहीत असतं आणि घरातल्या प्रत्येकाचं वेगळं असतं, हे खोक्यातल्या कागदावर लिहिलेलं नसतं.

मी मोठा घातला. आजपण कुणी विचारलं तर मोठाच घालीन. केस खरवडायला चाचानं मला बसवलं, म्हणाला तुझ्या हातानं कर, मंग मला शिव्या देणार नाय. अर्धगोल कानशीनं थोडं थोडं, कीस आत पडू नये म्हणून चिंध्या कोंबून. सिलिंडर बसला, पण वर गाडीच्या सांगाड्याची नळी आडवी आली. हेड, म्हणजे सिलिंडरवरचं झाकण, आधी लावून इंजिन आत जाईना. मग इंजिन बिनहेडाचं गाडीत बसवलं आणि हेड नंतर बाजूनं सरकवून आवळलं. नळी आणि हेडाच्या मधे एक पोस्टकार्ड जेमतेम गेलं असतं. पहिल्या किकेला आवाज असा निघाला की शेजारचा शिंपी पायाचं मशीन थांबवून बाहेर आला. आधीचा आवाज तडतड होता, हा छातीत यायचा. चाचा म्हणाला आता काही दिवस हलकी चालव, पिस्टनला घर करू दे, आणि उभी करून तापवू नको. घरी येताना सरळगावच्या पुढं मी रस्ता सोडून रिकाम्या शेतांत घातली. बांध आला की आधी मी उतरून ढकलायचो. आता नुसती मूठ पिळली आणि पुढचं चाक आपोआप वर. एक बांध, दुसरा बांध, तिसरा. कापणी झालेल्या भाताच्या खुंटांवरून गाडी अशी गेली की मला रडू आलं असतं, पण गचके बसत होते म्हणून आलं नाय. त्या माळावरच्या चढणीचं पुढं काय झालं तेही इथंच सांगून टाकतो, म्हणजे कुणाचा जीव अडकायला नको. वर पोचलो. सापगावचा माझ्या आधी पोचला, पण दळण कुणी विचारलं नाय.

ते नंतर. त्या दिवशी घरी पोचलो तर बाबा पडवीत उभे. बाळू पाटील येऊन गेला होता. त्याच्या पोरीचं लग्न तोंडावर आलं होतं, भात झोडून पडलं होतं आणि वारा मेला होता. बाबांनी उद्या सकाळी पंखा येईल म्हणून शब्द दिला होता. मी सांगायला पायजे होतं की मोठा घातलाय, नवा आहे, उभा चालवायचा नाय. पण बाबांनी विचारलं नाय कुठला घातलास, ते फक्त म्हणाले, टायर आत्ताच उतरवून ठेव. आणि मी विचार केला, आत्ता नाय म्हटलं तर उद्या इंजिन ओंडक्यावर. चालवलं तर निदान सावकाश चालवून बघता येईल. टायर उतरवला.

पाटलाच्या खळ्यावर ऊन असं की शेणानं सारवलेली जमीन पायाला लागत होती. भाताची रास माणसाएवढी. पाटलाच्या घरच्या बाया, गडी, आमची आई पण आलेली, पण ती कामाला नाय, ती बाबांच्या भाकऱ्या घेऊन आलेली आणि कडेला पेंढ्यावर बसलेली. तिच्या मांडीवर आमचंच घरचं सूप होतं, परत जाताना वाटेत शेंगा निवडून न्यायला. मी गाडी स्टँडवर चढवली, पट्टा लावला. पंखा फिरला. मोठ्या सिलिंडरनं पंखा असा फिरवला की पाटलाचा गडी मागं सरकला. बाबा राशीपाशी उभे राहिले, छाती पुढं. सुरुवातीला सगळं झकास.

नंतर आवाज बदलला. ज्यानं इंजिन उघडलेलं नाय त्याला कळायचं नाय. तो आवाज मोठा होत नाय, उलट बारीक होतो, कोरडा होतो, कुणी दात ओठात धरून बोलावं तसा. सिलिंडर थंड राहायला त्याच्या अंगावर ज्या पात्या असतात त्यांवर तूस बसलेलं, ते जळायला लागलं, वास आला. मी मूठ सैल केली तर पंखा मंदावला आणि बाबांनी तिकडून हात वर केला, वाढव. मी वाढवली नाय, तशीच ठेवली. बंद केली तर अडली. चालू ठेवली तर चिकटणार. पाणी मारावं तर तापलेलं बिडाचं लोखंड तडकणार. मी गाडीपाशी उकिडवा बसलो, हातात चिंधी, आणि तूस पुसत राहिलो, चटके खात. मला ओरडून कुणाला सांगायचं नव्हतं.

आई उठली. मी तिला बोलावलं नाय, बघितलं पण नाय तिच्याकडं. ती आली, गाडीच्या दुसऱ्या अंगाला उभी राहिली, पदर खोचला आणि सूप धरलं. आणि सिलिंडरला वारा घालायला लागली. तो तिचा वारा. सलग. मी हात पुढं करून बघितला, वारा बरोबर पात्यांच्या फटींत शिरत होता. तूस उडालं. हळूहळू आवाज परत जाड झाला. ती माझ्याकडं न बघता म्हणाली, "आता कसा बोलताय बग. मघाशी कन्हत व्हता."

पाटलाच्या घरच्या बाया आधी तोंडाला पदर लावून हसल्या. पाटलाची मोठी सून म्हणाली, "काय गो वयनी, भाताला वारा द्यायला मशीन आणि मशीनला वारा द्यायला तुमी. मंग मशीन कशाला आनलंत?" आई म्हणाली, "तू ये समोर, मंग सांगते. एका अंगाला वारा लागला तर भाकरी पण एकाच अंगानं भाजते." आणि ती सून खरंच सूप घेऊन समोर आली. मग दुसरी आली. दमली की बदलायच्या, आई तेवढी तशीच. दुपार उतरेस्तवर इंजिन चाललं. एकदा पण अडलं नाय. रास संपली. बाळू पाटील हसत बाबांना म्हणाला की तुमच्या घरची गंमतच आहे, वारा शेवटी काशाच्या आयचाच. त्यानं वाईट मनानं म्हटलं नाय, मला अजून तसंच वाटतं. पण बाबांचा चेहरा मी बघितला.

घरी आल्यावर आईनं भात शिजवला, सुक्या जवळ्याचं कालवण केलं. हात वर जात नव्हता तिचा, ताटं डाव्या हातानं वाढली. बाबा जेवले नायत. म्हणाले, अडलं. मी म्हटलं नाय अडलं, एकदा पण बंद पडलं नाय. ते म्हणाले चार बाया लागल्या त्याला. मी म्हटलं तुमी 'अडला तर' म्हणाला होता, 'बाया लागल्या तर' म्हणाला नव्हता. तेव्हा ते माझ्यावर नाय, आईवर वळले.

"त्या खळ्यावर तू सूप उचललास. मी काय सांगितला व्हता?"

आई ताट खाली ठेवून म्हणाली, "पाटलाच्या भाताला नाय घातला मी वारा. पोराच्या इंजनाला घातला. त्याला कुनी नाय म्हनायचा? तुमी पन नाय."

बाबा ताटावरून उठून पडवीत गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाबा बोल्ट सोडायचे पाने घेऊन गाडीपाशी बसले. तांबडी कोंबडी सीटवरून त्यांनी स्वतः उचलून खाली ठेवली. सागाचा ओंडका ओढून शेजारी आणला. इंजिन गाडीला ज्या बोल्टांनी धरलेलं असतं ते एकेक करून सैल केले, काढले. बाबांना पाना धरता यायचा नाय, घसरायचा, बोटं सोलायची, पण एकदा हात घातला की सोडायचे नायत. मी पायरीवर बसून भाकरी खात होतो. मदत मागितली असती तरी केली नसती, आणि त्यांनी मागितली नसतीच. सगळे बोल्ट निघाले. बाबांनी इंजिन वर उचललं. नळीला हेड लागलं. पुढं सरकवलं, लागलं. तिरकं केलं, लागलं. खाली बसून बघितलं, उभं राहून बघितलं, पायानं ढकललं. हेड सोडवल्याशिवाय ते निघणारच नव्हतं आणि हेडाचा लांब पाना माझ्या खिशात होता. बाबांनी एकदा माझ्या खिशाकडं बघितलं. त्यांना कळलं होतं. मागितला नाय. मी दिला नाय. त्या घरात तेव्हा कोण जास्त हट्टी होतं ते देवाला पण ठरवता आलं नसतं. देव आमी मानत नव्हतो, पण बोलायची पद्धत म्हणून.

ऊन पडवीच्या खांबापर्यंत आलं. बाबांचा सदरा पाठीला चिकटलेला, दोन्ही हातांच्या मधे ते इंजिन अर्धवट लटकलेलं, ना आत ना बाहेर. आई पाण्याचा तांब्या घेऊन आली आणि त्यांच्याशेजारी बसली. एक हात तिनं पोटाशी धरलेला होता. आणि त्याच वेळी बाळू पाटील वाटेनं आला. आता लग्नासाठीचं भात झालं होतं, पण त्याचं ओढ्यापलीकडचं खळं राहिलं होतं आणि वारा अजून मेलेलाच होता. तो ओटीखाली उभा राहिला. गाडी उघडी, पाने पसरलेले, हे बघून म्हणाला, काय दुरुस्तीला काढलंय का, परवा पंखा मिळंल ना.

बाबांनी त्याला बसा म्हटलं नाय. त्यांनी इंजिनाकडं बघितलं, मग आईच्या त्या पोटाशी धरलेल्या हाताकडं. बराच वेळ बघितलं.

"पंखा नाय आता," ते म्हणाले. "ती पोराची गाडी हाय."

"मंग आमी काय करायचा?" पाटील म्हणाला.

"सुटंल वारा. आज ना उद्या सुटतोच. तुमच्या घरात बाया हायत, सुपा हायत."

पाटील आल्या वाटेनं गेला. बाबांना मी त्या दिवसाआधी कुणी ओटीवर आलेलं माघारी पाठवताना बघितलं नव्हतं, आणि ज्याला पाठवलं तो पाटील होता. त्यांनी मान वर केली नाय. इंजिन परत जागेवर बसवलं, भोकाला भोक जुळवलं आणि बोल्ट परत घालायला लागले. मी भाकरी ठेवून खाली उतरलो आणि पलीकडच्या बाजूनं नट धरले. नुसतं धर, सोड, धर, सोड. बोल्ट किती आवळायचा याला माप असतं, पण बाबांना माप माहीत नव्हतं, त्यांनी प्रत्येक बोल्ट कपाळाची शीर फुगेपर्यंत आवळला. शेवटचा, मागचा खालचा, त्यांनी पान्याला पाय लावून आवळला. पुढं ती गाडी मी कितीतरी वेळा उघडली, कितीतरी वेळा बांधली. तो एक बोल्ट मला कधी सुटला नाय. खरं सांगायचं तर मी त्याला पुरा जोर कधी लावलाच नाय.